नळी चकचकीत पुसली, तरी तिसऱ्या दिवशी गंज: जुन्या लष्करी रायफली आणि करोझिव्ह (गंज आणणारी) काडतुसं

दर दोन-तीन महिन्यांनी कुणी ना कुणी मला नळीच्या आतला फोटो पाठवतं. रायफल बहुतेक वेळा मोसिन-नागांत, म्हणजे जुनी रशियन लष्करी रायफल असते, काडतुसं टिनाच्या सीलबंद डब्यातली, सोव्हिएत किंवा बल्गेरियन. तक्रार सगळ्यांची एकच. नेमबाजीच्या रेंजवरून आल्यावर त्याच संध्याकाळी नळी साफ केली. सॉल्व्हंट घातलं, ब्रश फिरवला, चिंध्या पांढऱ्या निघेपर्यंत ओढल्या, शेवटी तेलाचा हात दिला. तीन-चार दिवसांनी सहज उजेडाकडे धरून पाहिलं तर आत तांबूस थर! मग पुन्हा सॉल्व्हंट, पुन्हा तेल, आणि आठवड्याभरात पुन्हा गंज.

उत्तर आधीच सांगते, म्हणजे ज्यांच्या घरी आत्ता या क्षणी गोळ्या झाडून आणलेली रायफल टेबलावर पडली आहे त्यांना खालचं सगळं वाचत बसावं लागणार नाही. नळी पाण्यानं धुवा. साध्या, उकळत्या पाण्यानं. तेल-सॉल्व्हंट सगळं त्यानंतर. आजच करा, उद्यावर टाकू नका.

पोलाद पाण्यानं धुवायचं ही गोष्ट मनाला पटत नाही, हे मला ठाऊक आहे. मलाही पटली नव्हती. ह्यूस्टनला आले त्या वर्षी मी पहिली मोसिन घेतली, 1943 सालची रशियातल्या इझेव्स्कच्या कारखान्यातली, शंभर डॉलरच्या थोडी वर. सोबत 440 काडतुसांचा एक डबा. दुकानदारानं इतकंच सांगितलं, "साफ नीट करा बरं का." मी नीट केली. पुण्यात शाळेत असताना एनसीसीत रायफल पुसायला शिकले होते, तेव्हा हात सराईत होता. चौथ्या दिवशी नळीत जे दिसलं त्यानं पोटात गोळा आला. ऐंशी वर्षं, एक महायुद्ध आणि कुठल्या तरी गोदामातली अर्धी जिंदगी या नळीनं काढली होती, आणि माझ्या कपाटात चार दिवसांत तिला गंज धरला होता.

हे मीठ आहे

काडतुसाच्या बुडाशी मधोमध छोटी टोपी असते, तो प्रायमर. फायरिंग पिन त्यावर आदळली की ठिणगी पडते आणि पुंगळीतली दारू पेटते. जुन्या लष्करी प्रायमरमध्ये प्राणवायू पुरवण्यासाठी पोटॅशियम क्लोरेट घालत. काडीपेटीच्या काडीच्या गुलात असतं तेच. अमेरिकेच्या फ्रँकफर्ड आर्सेनल या लष्करी दारूगोळा कारखान्याच्या एफए-70 या प्रसिद्ध प्रायमर-मिश्रणात त्याचं प्रमाण 53 टक्के होतं. प्रायमर उडाला की क्लोरेटमधला प्राणवायू निघून जातो आणि उरतं पोटॅशियम क्लोराइड. हिशेब मांडला तर 100 मिलिग्रॅम क्लोरेटमागे सुमारे 61 मिलिग्रॅम. एका प्रायमरचं मिश्रण असतं थोडंसंच, पण चाळीस-पन्नास फैरी झाडल्यावर नळीत काय साठतं याचा अंदाज तुम्हीच करा.

पोटॅशियम क्लोराइड म्हणजे आपल्या खायच्या मिठाचं सख्खं भावंड. रक्तदाबाच्या माणसांसाठी कमी सोडियमचं मीठ मिळतं ना, त्यात हेच मिसळलेलं असतं. ते गरम वायूबरोबर नळीभर पसरतं, पोलादावर बारीक थरानं बसतं आणि काजळीत मिसळून जातं.

आता मीठ कसं वागतं हे आपल्या घरात कुणाला सांगायला नको. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं, म्हणून डब्यात तांदळाचे दाणे टाकतात. पोटॅशियम क्लोराइडला पाणी सुटतं ते हवेतली आर्द्रता साधारण 84 टक्क्यांवर गेली की. गंजाची सुरुवात त्याच्याही आधी होऊ शकते. ह्यूस्टनमध्ये पहाटे 90 टक्के आर्द्रता ही रोजची गोष्ट आहे. रत्नागिरीत किंवा मडगावात राहिलेल्या माणसाला ही हवा ओळखीची वाटेल. याच कारणानं कोरड्या हवेच्या ॲरिझोनातला एखादा नेमबाज छातीठोकपणे सांगतो की तो वीस वर्षं असलीच काडतुसं झाडतोय आणि फक्त तेल लावतो, त्याला कधी गंज दिसला नाही. तो खोटं बोलत नाही. त्याच्या नळीत मीठ आहेच, फक्त त्याला पाणी सुटत नाही. ती रायफल विकत घेऊन कुणी फ्लोरिडाला नेली की मग समजतं.

मग तेल का पुरत नाही? लोणच्याची बरणी आठवा. वर बोटभर तेल उभं असतं, पण मीठ त्या तेलात विरघळत नाही, ते खाली खारातच राहतं. नळीत तेच होतं. तुम्ही मिठावर तेल लावता, मीठ तेलाखाली बसून राहतं, तेलाच्या पातळ थरातून ओल हळूहळू आत झिरपते आणि पोलाद खालून गंजत जातं. वरून नळी चकाकते. हे कुणाच्या तरी अनुभवाचं बोलणं नाही. अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ माइन्समधल्या विल्बर्ट हफ यांनी 1922 मध्ये तेलाच्या थराखालच्या गंजावरचा अहवाल प्रसिद्ध केला, तोच मुळी बंदुकांना नंतर धरणाऱ्या गंजाचं कारण शोधण्यासाठी होता. दोषी ठरलं ते प्रायमरचं मीठ.

त्याआधीची तीस-चाळीस वर्षं लोक भलत्याच गोष्टीला दोष देत होते, आणि ती चूक समजण्यासारखी आहे. काळ्या दारूच्या जमान्यात नळी पाण्यानंच धुवावी लागे, कारण काळ्या दारूची घाण दुसऱ्या कशानं निघतच नाही. त्या धुण्यात प्रायमरचं मीठही नकळत वाहून जाई. मग 1880च्या दशकात बिनधुराची दारू आली. ती इतकी स्वच्छ जळे की पाण्याची गरज वाटेना, लोक तेलावर आले आणि नळ्या गंजू लागल्या. सगळ्यांनी ठरवून टाकलं की नव्या दारूतून आम्ल उरतं. मग आम्ल मारणारी सॉल्व्हंटं निघाली. पण पोटॅशियम क्लोराइड आम्लही नाही आणि अल्कलीही नाही. त्याला 'मारायचं' काही नसतं, त्याला फक्त विरघळवून बाहेर काढायचं असतं.

याच मुद्द्यावर अमोनियाचा गोंधळ आहे. काच पुसायचा निळा स्प्रे, विंडेक्स, नळीत मारा म्हणजे त्यातला अमोनिया क्षार 'निष्प्रभ' करतो, हा सल्ला तुम्हाला रेंजवर हमखास मिळेल. स्प्रेनं काम होतं, हे खरं. पण ते काम त्यातलं पाणी करतं. अमोनिया फार तर गोळीनं नळीत मागे ठेवलेल्या तांब्याचा थोडा थर सोडवतो. विंडेक्स मारून लगेच पुसून तेल लावणाऱ्यांचं पुष्कळदा फसतं, कारण चार फवाऱ्यांत जेमतेम चमचाभर पाणी आत जातं. आणि एक गोष्ट अगदी मनावर घ्या: अमोनिया असलेल्या कुठल्याही द्रावणात ब्लीच कधीही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो.

कोणती काडतुसं करोझिव्ह?

सोप्या नियमाचा मोह टाळा. प्रायमरच्या बर्डन आणि बॉक्सर अशा दोन रचना असतात. बर्डन प्रायमर म्हणजे करोझिव्ह आणि बॉक्सर म्हणजे सुरक्षित, हा नियम दोन्ही बाजूंनी खोटा आहे. स्विस जीपी-11 काडतुसांना बर्डन प्रायमर असतो आणि ती करोझिव्ह नाहीत. दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन रायफलीची थर्टी-ओ-सिक्स काडतुसं बॉक्सर प्रायमरची आहेत आणि बहुतेक करोझिव्ह आहेत. अमेरिकन सैन्यानं रायफलीची ही काडतुसं 1950च्या दशकाच्या सुरुवातीला बदलली. त्यांच्या एम-1 कार्बाइन या हलक्या रायफलीची काडतुसं मात्र युद्धकाळातही नॉन-करोझिव्हच होती. सोव्हिएत आणि पूर्व युरोपातल्या देशांची लष्करी काडतुसं कितीतरी पुढच्या काळापर्यंत क्लोरेटवरच राहिली, कारण हा प्रायमर गोदामात दशकानुदशकं टिकतो आणि कडाक्याच्या थंडीत दगा देत नाही. युगोस्लाव्हियातली 8 मिलिमीटरची काडतुसं आणि तुर्कस्तानातली तीस-चाळीसच्या दशकांतली, ही सगळी करोझिव्ह धरूनच चाला.

डब्यावर किंवा जाहिरातीत 'नॉन-करोझिव्ह' लिहिलं असेल आणि माल जुना लष्करी असेल, तर मी विश्वास ठेवत नाही. शंका असेल तर पारख करता येते. एका काडतुसातली गोळी पुलरनं काढा, दारू ओतून टाका, आणि नुसती प्रायमर असलेली पुंगळी रायफलीत घालून, रेंजवर, नळीच्या तोंडापुढे घासून चकचकीत केलेला पोलादी खिळा धरून ठेवेल अशा लाकडी ठोकळ्यावर उडवा. दुसरा तसाच घासलेला खिळा कोरा ठेवा. दोन्ही ओलसर जागी दोन-तीन दिवस ठेवून द्या. पहिला खिळा तांबडा पडला आणि कोरा तसाच राहिला, तर उत्तर मिळालं. आणि एवढी खटपट करायची नसेल तर प्रत्येक जुनं लष्करी काडतूस करोझिव्ह समजून धुवा. मी हल्ली तेच करते. पाण्याला पैसे पडत नाहीत.

धुवायचं कसं

सुरुवात रेंजवरच करा. शेवटची फैर झाली, रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटानं दोनदा पाहिलं, की चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या मागच्या टोकाच्या बाजूनं एक ओलीचिंब चिंधी नळीतून ओढा. चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग म्हणजे बोल्ट; त्याचा पुढचा चेहरा ओल्या फडक्यानं पुसा. मी पिशवीत शाम्पूच्या छोट्या बाटलीत पाणी ठेवते. घरी पोचायला दीड तास लागला तरी मग जीव टांगणीला लागत नाही.

घरी आल्यावर बोल्ट काढा. पाणी किती आणि किती गरम, याला महत्त्व आहे. मी मोठ्या केटलीत दीड-दोन लिटर पाणी खळखळ उकळवते. कोमट पाण्यानंही मीठ विरघळतं, पण नळी थंड राहते, ओल आत रेंगाळते आणि तासाभरात केशरी धूळ धरते. उकळत्या पाण्यानं नळी इतकी तापते की पाणी ओतून झाल्यावर ती स्वतःच्या उष्णतेनं जवळपास कोरडी होते. आणि हो, 100 अंशांनी पोलादाचं पाणी उतरत नाही. पोलादाला दिलेलं टेम्परिंग त्याच्या कितीतरी वरच्या तापमानाचं असतं. तुम्ही सलग वीस फैरी झाडता तेव्हा हीच नळी हात लावू देत नाही.

पाणी चेंबरच्या बाजूनं ओतायचं, नळीचं तोंड खाली बादलीत. नरसाळ्याला चेंबरमध्ये नीट बसेल असा उष्णता सोसणारा पाइप जोडा, नाहीतर पाणी लाकडी दस्त्यात आणि मॅगझिनमध्ये उतरतं आणि मग एक गंज काढताना दुसऱ्या चार जागी तुम्ही तो पेरता. जाड हातमोजे घाला. तापलेल्या नळीनं मी एकदा तळहात भाजून घेतला आहे. हे काम स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये करू नका आणि स्वयंपाकाचं नरसाळं वापरू नका, कारण त्या पाण्यात शिसं असतं. मोरीत किंवा अंगणात करा आणि नंतर हात साबणानं धुवा.

पाणी एका दमात न ओतता मी तीन भाग करते. पहिलं अर्धा लिटर ओतते, मग नायलॉनचा ओला ब्रश आठ-दहा वेळा फिरवते, कारण मीठ नुसतं पोलादावर नसतं, काजळीच्या कवचातही अडकलेलं असतं. ते कवच फोडल्याशिवाय पाणी तिथे पोचत नाही. मग दुसरा भाग, पुन्हा ब्रश, मग उरलेलं सगळं. शेवटचं पाणी स्वच्छ बाहेर पडायला हवं.

त्यानंतर कोरड्या चिंध्या, एकामागून एक, चिंधी कोरडी निघेपर्यंत. मग डब्ल्यूडी-40. हे नाव ऐकून तज्ज्ञ मंडळी नाक मुरडतात, पण पाणी हटवणं हेच त्याचं मूळ काम. नावातले डब्ल्यू आणि डी त्याचेच, आणि 40 म्हणजे चाळिसावा प्रयोग. फक्त ते शेवटचं तेल म्हणून ठेवू नका. आत मारा, पुसून काढा. मग तुमचं नेहमीचं सॉल्व्हंट, तांब्याचा थर असेल तर त्याचं सॉल्व्हंट, आणि सगळ्यात शेवटी चांगलं बंदुकीचं तेल. पाणी उकळण्याची सोय नसेल तेव्हा बॅलिस्टॉल नावाचं तेल पाण्यात मिसळून वापरतात, एक भाग तेल आणि दहा भाग पाणी. ताकासारखं पांढरं द्रावण होतं, पाणी मीठ घेऊन जातं आणि मागे तेलाचा पातळ हात राहतो. प्रवासात मी तेच वापरते. घरी मात्र केटलीच.

मोसिनबद्दल एक गोष्ट मला फार आवडते. तिच्यासोबत येणाऱ्या सोव्हिएत तेलाच्या डब्याला दोन तोंडं असतात, एकावर रशियन 'श्चा' अक्षर, दुसऱ्यावर 'एन'. दुसरा कप्पा तेलाचा. पहिला अल्कलीच्या पाणेरी द्रावणाचा. म्हणजे ज्या सैनिकासाठी ही रायफल बनली त्याच्या हातात सैन्यानंच आधी पाणी आणि मग तेल दिलं होतं. आपण तो डबा शोभेला ठेवतो आणि नळीत नुसतं तेल घालतो.

खडकीची पुंगळी

ह्यूस्टनजवळच्या एका प्रदर्शनात मी ली-एनफिल्ड या ब्रिटिश रायफलीसाठी थ्री-नॉट-थ्रीची जुनी काडतुसं घेतली. घरी येऊन एक उलटं करून पाहिलं तर बुडावर के आणि एफ. खडकी. 1869 पासून चालू असलेला आपला दारूगोळा कारखाना. माझे आजोबा तिथेच कामाला होते. मी किती तरी वेळ ते काडतूस हातात धरून बसले होते. पुण्याहून निघालेली ही पितळी पुंगळी कुठल्या कुठल्या बंदरांतून टेक्सासला आली असेल!

इतकं जुनं थ्री-नॉट-थ्री म्हणजे कॉर्डाइट (ब्रिटिशांची बिनधुराची दारू) आणि क्लोरेटचा प्रायमर, करोझिव्ह. आणि त्यावरचा उपाय ब्रिटिश फौजेला नीट ठाऊक होता: बोल्ट काढायचा, चेंबरमध्ये नरसाळं बसवायचं, उकळतं पाणी ओतायचं, मग पुल-थ्रूनं (नळीतून ओढायच्या दोरीनं) कोरडी चिंधी आणि नंतर तेलाची चिंधी. एनसीसीत आमचे हवालदार चार बाय दोन इंचाची चिंधी मोजून घ्यायला लावत, तेलाची चिंधी चार बाय दीडची. चार बाय दोन हे माप थेट ब्रिटिश फौजेच्या जुन्या फलालीनच्या पट्टीवरून आलेलं. तेव्हा मला ती उगाच केलेली शिस्त वाटायची. आता माप कळतं: कोरडी चिंधी घट्ट बसली पाहिजे म्हणजे खाचांच्या तळापर्यंत पुसते, तेलाची थोडी सैल म्हणजे तेल मागे ठेवते.

इतक्या जुन्या काडतुसांबाबत एक सावधगिरी. घोडा ओढला आणि आवाज झाला नाही, तर रायफल लक्ष्याकडेच रोखून किमान अर्धा मिनिट थांबा. उशिरा पेटण्याची खोड जुन्या कॉर्डाइटला आहे. बोल्ट उघडल्यावर ती पेटली तर डोळे जातील. संरक्षक चष्मा घातल्याशिवाय ही काडतुसं झाडू नका.

पाण्यानं धुऊनही गंज येतोय?

इथपर्यंत सगळं केलेल्या माणसांचेही फोटो मला येतात, आणि माझ्या मते खरा किचकट भाग हाच आहे. गंज आला असं म्हणण्याआधी तो कुठे आणि केव्हा आला ते बघा. त्यावरून कारण जवळजवळ कळतं.

धुतल्यावर तासाभरात नळीभर सारखा, पिवळट-केशरी, चिंधीनं सहज निघणारा थर दिसला तर तो मिठाचा नाही. तो ओलीचा गंज. पाणी पुरेसं गरम नव्हतं, किंवा वाळवण्यात वेळ गेला. तेलाच्या चिंधीनं पुसा, पुन्हा येणार नाही. मिठाचा गंज दोन-चार दिवसांनी येतो, ठिपक्यांनी येतो, पुसला तरी त्याच ठिकाणी परत येतो. गडद तपकिरी, चिकट, वासाचा थर असेल तर तो गंजच नाही. गोदामात रायफलीला फासलेलं कॉस्मोलिन ग्रीस उष्णतेनं पाझरतंय. मिनरल स्पिरिटनं ते निघतं.

ठिपके तोंडाच्या शेवटच्या इंचात असतील तर रायफल काउंटरबोअर केलेली आहे का पाहा. कित्येक मोसिनच्या नळीचं तोंड रॉड घासून घासून झिजलं होतं, तेव्हा सोव्हिएत कार्यशाळांनी पुढचा भाग थोडा मोठा कोरून काढला. त्या पायरीच्या कोपऱ्यात काजळी आणि मीठ बसतं, आणि नळीच्या मापाची चिंधी त्या रुंद भागाला नुसती चाटून जाते. माझी पहिली मोसिन अशीच निघाली. आता मी कापसाची काडी ओली करून ती पायरी वेगळी पुसते, मग वाळवते, मग तेल.

चेंबरच्या पुढच्या टोकाला, जिथे खाचा सुरू होतात, तिथे गंज परतत असेल तर बहुधा तांब्याचा थर कारणीभूत आहे. गोळीच्या वेष्टणाचं तांबं पोलादावर चढतं आणि त्याच्याखाली मागच्या खेपेचं मीठ झाकलं जातं. पाणी वरून वाहून जातं. अशा नळीला एकदा तांब्याच्या सॉल्व्हंटनं अगदी तळापर्यंत साफ करा, निळ्या चिंध्या थांबेपर्यंत, आणि मग पुन्हा पाण्यानं धुवा. हा क्रम महत्त्वाचा: तांबं काढल्यावर परत पाणी. लोक इथेच थांबतात आणि उघड्या पडलेल्या मिठावर तेल लावतात.

नळी स्वच्छ आहे पण बोल्टच्या चेहऱ्यावर लाल कडं दिसतं, हे तर फार पाहिलंय. प्रायमरच्या कडेनं थोडा वायू मागे येतोच. बोल्टचा चेहरा, एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी बाहेर ओढणाऱ्या आकड्याच्या) खालची खोबण, फायरिंग पिनचं टोक आणि तिचं छिद्र, सगळीकडे मीठ पोचतं. मोसिनचा बोल्ट हातानं सुटतो, तेव्हा निमित्त सांगू नका; सुटे करा, उकळत्या पाण्यात बुडवा, वाळवा, तेल द्या. परत जोडताना पिन किती बाहेर येते ते तिच्या चपट्या अवजारावरच्या 75 आणि 95 या खाचांनी तपासा. पिनेला 75ची खाच अडली पाहिजे आणि 95ची मोकळी सरकली पाहिजे. पिन जास्त बाहेर आली तर प्रायमर फुटतो. ली-एनफिल्डची पिन काढायला वेगळं हत्यार लागतं. ते नसेल तर बोल्ट अख्खाच उकळत्या पाण्यात हलवा आणि फुंकणीनं किंवा हवेच्या पंपानं वाळवा.

आणि दिसायला सगळं कोरं असलं तरी दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी एकेक तेलाची चिंधी ओढून पाहा. अमेरिकन सैन्याचीही जुनी सवय तीच होती, फैरी झाडल्यावर लागोपाठ तीन दिवस सफाई. तिसऱ्या दिवसाची चिंधी लालसर निघाली तर मीठ राहिलंय. पुन्हा केटली.

गॅसवर चालणाऱ्या रायफली

सोव्हिएत एसकेएस, अमेरिकन एम-1 गॅरंड अशा रायफलींत वायूचा काही भाग छिद्रातून वेगळा घेऊन यंत्रणा चालवतात, आणि त्या वायूबरोबर मीठही तिथे जातं. नळी धुऊन गॅस ट्यूब विसरणारे पुष्कळ आहेत. एसकेएसमध्ये गॅस ट्यूब आणि पिस्टन काढा, मागचा पुशर आणि त्याची स्प्रिंगही, आणि वेगळे उकळा. चेंबरमधून पाणी ओतलं की ते गॅसच्या छिद्रातूनही बाहेर येतं. येऊ द्या, पण दस्ता आधी उतरवून ठेवा. गॅरंडचा गॅस सिलिंडर स्टेनलेस पोलादाचा आहे, म्हणून तो पुष्कळ सोसतो. तरी प्लग काढून आत धुवा.

सगळ्यात जास्त जीव लावावा लागतो तो युगोस्लाव्ह एम-59/66 एसकेएसला. नंतरच्या सोव्हिएत एसकेएसच्या नळीला आतून क्रोमचा मुलामा असतो, हिला नाही. शिवाय ग्रेनेड फेकण्यासाठी गॅस बंद करायचा जो व्हॉल्व्ह आहे, त्याच्या भोवती मीठ बसलं की तो खाऊन जातो, मग गॅस गळतो आणि रायफल नीट काम करेनाशी होते. प्रत्येक वेळी तो व्हॉल्व्ह बाहेर काढा. आणि क्रोम असला तरी निश्चिंत राहू नका. क्रोम नळीत असतो, गॅस ब्लॉकच्या प्रत्येक कोपऱ्यात नसतो.

खड्डे पडलेच असतील तर

घाबरू नका आणि सँडपेपर घेऊ नका. पोलादी लोकर, ड्रिलला लावलेला ब्रश, असलं काहीही नको. पितळी ब्रश आणि बारीक बोअर पेस्ट, हातानं, चेंबरच्या बाजूनं. सुटा गंज निघेल, काळे खड्डे राहतील. काळा, स्थिर खड्डा फार त्रास देत नाही. कित्येक खड्डेदार मोसिन शंभर यार्डांवर माझ्यापेक्षा चांगली नेमबाजी करणाऱ्यांच्या हातात आहेत. त्रास लाल खड्डा देतो, कारण तो जिवंत आहे. चेंबरमध्येच खोल खड्डे असतील, पुंगळी अडकत असेल किंवा तिच्यावर ओरखडे येत असतील, तर झाडणं थांबवा आणि बंदुकीच्या कारागिराला दाखवा.

अशा नळीला पाणी जास्त लागतं, कारण प्रत्येक खड्डा मिठाची एक वाटी आहे. मी माझ्या 1943च्या मोसिनला दोनऐवजी चार लिटर देते, मधे पाच मिनिटं थांबून, म्हणजे खड्ड्यांच्या तळचं मीठ सुटायला वेळ मिळतो. मग तिसऱ्या दिवशी चिंधी, सातव्या दिवशी चिंधी, आणि कपाटात सिलिका जेलच्या पुड्या. फोमच्या पेटीत किंवा कातडी म्यानात ठेवत नाही, दोन्ही ओल धरून ठेवतात. गेल्या ऑगस्टपासून सातव्या दिवसाची तिची चिंधी पिवळट तेलाचीच निघतेय.